घसारा कागदावर, यंत्र कामावर

प्राप्तिकराच्या नियमांत संगणकावर दरसाल ४० टक्के घसारा धरतात. समजा, एखाद्या कंपनीने १,००,००० रुपयांचा लॅपटॉप घेतला. वर्षअखेर वहीत त्याची किंमत ६०,००० उरते, दुसऱ्या वर्षी ३६,०००, तिसऱ्या वर्षी २१,६०० आणि चौथ्या वर्षी १२,९६०. चार वर्षांत वस्तू कागदावरून जवळजवळ पुसली जाते. आता तोच लॅपटॉप टेबलावर ठेवून चालू करा. त्याचा प्रोसेसर पहिल्या दिवशी सेकंदाला जेवढी गणितं करत होता, तेवढीच आजही करतो. नीट थंड राहिलेल्या सिलिकॉनच्या चकतीला चार वर्षं म्हणजे काहीच नाही.

वहीतलं वय आणि वस्तूचं वय यांच्यात हे जे अंतर पडतं, त्यातच जुना लॅपटॉप घेणाऱ्या आपल्यासारख्या गिऱ्हाइकाचा सगळा लाभ दडलेला आहे. मोठ्या कंपन्या लॅपटॉप हजारांनी घेतात, पुष्कळदा भाडेकरारावर. तीन-चार वर्षांनी करार संपतो, वॉरंटी संपते आणि मजलेच्या मजले एकदम बदलले जातात. एकाच मॉडेलची शेकडो यंत्रं एका दिवसात बाजारात येतात आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून दिल्लीच्या नेहरू प्लेसपर्यंतच्या दुकानांत पोचतात. माल भरपूर, म्हणून भाव खाली. शिवाय एकसारखी यंत्रं ढिगाने असल्यामुळे त्यांचे सुटे भागही वर्षानुवर्षं मिळत राहतात.

उदाहरण म्हणून २०१८ सालचा थिंकपॅड टी४८० घेऊ. थिंकपॅड ही मालिका आयबीएमने १९९२ मध्ये सुरू केली आणि २००५ पासून ती लेनोवोकडे आहे. हा लॅपटॉप उघडून पाहण्यासारखा आहे. आधी बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन आतली बॅटरी बंद करायची, मग बाहेरची काढायची. तळाचे स्क्रू ढिले करायचे. ते पूर्ण बाहेर येतच नाहीत, झाकणालाच अडकून राहतात, त्यामुळे एकही हरवत नाही. झाकणाच्या कडेने प्लास्टिकची पातळ पट्टी फिरवली की पकडी खटखट सुटत जातात आणि सगळा संसार समोर उघडा पडतो: मेमरीचे दोन स्लॉट, अडीच इंची डिस्कचा कप्पा, वायफायचं कार्ड, बॅटरी, पंखा. मेमरीची पट्टी काढायची तर दोन्ही बाजूंचे धातूचे चिमटे बाहेर ओढायचे. पट्टी आपोआप तिरकी उभी राहते. तिच्या कडेला सोनेरी मुलामा दिलेले २६० संपर्कबिंदू असतात. नवी पट्टी तिरकी सरकवून खाली दाबली की टक् असा आवाज होतो आणि काम संपतं.

इतकी सोय कुणासाठी केली असेल? आपल्यासाठी नक्कीच नाही. ज्या कंपनीत दहा हजार माणसं लॅपटॉपवर काम करतात, तिथे रोज काही यंत्रं बिघडणारच. मेकॅनिक टेबलापाशी येऊन काही मिनिटांत भाग बदलून गेला पाहिजे, नाहीतर माणूस रिकामा बसतो. म्हणून या वर्गातली यंत्रं उघडायला सोपी करतात, पडण्या-हादरण्याच्या आणि धूळ-उष्णतेच्या चाचण्यांतून काढतात आणि दुरुस्तीची संपूर्ण पुस्तिका सर्वांसाठी खुली ठेवतात. डेलचा लॅटिट्यूड आणि एचपीचा एलिटबुक याच कुळातले. मोठ्या गिऱ्हाइकाच्या धाकाने झालेली ही सोय चार वर्षांनी पाचव्या हिश्शात आपल्या हाती येते, हे मला फार विलक्षण वाटतं.

मात्र उघडता येतं म्हणून सगळंच बदलता येतं असं नाही. खरेदीची सगळी अक्कल या एका भेदात आहे. जे बदलता येत नाही, ते नीट पारखून घ्यायचं. जे बदलता येतं, ते जुनं असलं तरी चालवून घ्यायचं.

पारखून घ्यायचा पहिला भाग म्हणजे प्रोसेसर. असल्या लॅपटॉपांत तो मदरबोर्डवर पक्का डाखलेला असतो. त्याचा नंबर वाचायला शिकणं हे सर्वांत फायद्याचं कौशल्य. आय५-७२००यू म्हणजे इंटेलची सातवी पिढी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी. आकड्यात फरक एकाचा, पण आत उडी मोठी आहे. सातव्या पिढीच्या या चिपमध्ये दोन कोअर, म्हणजे गणितं करणारे गाभे, होते. ऑगस्ट २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीत त्याच १५ वॅटमध्ये चार कोअर बसवले गेले. पुढे आणखी एक गोष्ट घडली. २०२१ मध्ये विंडोज ११ आली आणि तिने इंटेलच्या बाबतीत, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपाशी रेघ ओढली. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे सातव्या आणि आठव्या पिढीची यंत्रं दिसायला जुळी असली, तरी त्यांच्यामध्ये आज मोठी भिंत आहे. लिनक्स चालवणाऱ्याला सातवी पिढीसुद्धा उत्तम. विंडोजच हवी असेल तर आठवीच्या खाली जाऊ नये.

दुसरा भाग मेमरी, आणि इथे मॉडेलच्या नावातलं एक अक्षर सगळं बदलतं. टी४८० मध्ये मेमरीचे दोन स्लॉट मोकळे मिळतात. त्याच्याच सडपातळ भावात, टी४८०एस मध्ये, काही मेमरी बोर्डवर डाखलेली असते आणि एकच स्लॉट उरतो. एक्स१ कार्बनमध्ये तर सगळीच डाखलेली. ८ जीबी घेतलं तर जन्मभर ८ जीबी. यंत्र जितकं पातळ, तितकी पुढे वाढवण्याची मुभा कमी.

तिसरा भाग पडदा. तो बदलता येतो, पण खर्च बराच आणि कामही नाजूक. कंपन्यांनी स्वस्तात घेतलेल्या पुष्कळ यंत्रांत १३६६ × ७६८ चा फिका पडदा असतो. १९२० × १०८० च्या पडद्यावर जवळजवळ दुप्पट बिंदू मावतात. दिवसभर मराठी मजकूर वाचायचा असेल तर वेलांट्या, रफार आणि अनुस्वार यांची स्पष्टता या बिंदूंवरच अवलंबून असते. म्हणून चांगला पडदा आधीपासून असलेलंच यंत्र शोधावं.

आता बदलता येणाऱ्या भागांकडे येऊ. जुन्या यंत्रात फिरणारी हार्ड डिस्क असेल तर गिऱ्हाइकं नाक मुरडतात. खरं तर भाव पाडून मागण्याची ती संधी आहे. डिस्क मिनिटाला ५,४०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला ९० फेऱ्या, एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचायला आधी सुई योग्य वर्तुळावर न्यायची आणि मग माहिती फिरत खाली येण्याची वाट पाहायची. दोन्ही मिळून साधारण १५ मिलिसेकंद जातात. एसएसडी या दुसऱ्या प्रकारच्या डिस्कमध्ये काहीच फिरत नाही. तिथे माहिती म्हणजे निरोधक थरांमध्ये कोंडून ठेवलेले इलेक्ट्रॉन, आणि ते वीज बंद केल्यावरही वर्षानुवर्षं जागचे हलत नाहीत. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात या फ्लॅश मेमरीचा शोध लावला. तिथून माहिती यायला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा पुरतो.

हे आकडे इतके लहान आहेत की मनात ठसत नाहीत, म्हणून ते ताणून बघू. मेमरीच्या पट्टीतून माहिती यायला १०० नॅनोसेकंद लागतात, त्यांना आपण १ सेकंद म्हणू. मग एसएसडीकडून तीच माहिती यायला १७ मिनिटं लागतील आणि हार्ड डिस्ककडून पावणेदोन दिवस! जुना लॅपटॉप ‘म्हातारा झाला’ असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा प्रोसेसर ताजातवाना असतो आणि बिचारा या पावणेदोन दिवसांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला असतो. मेमरी अपुरी पडली की यंत्र उरलेला पसारा डिस्कवर ठेवू लागतं, म्हणजे पुन्हा तीच वाट.

यावरून खर्चाचा क्रम ठरतो. पहिला पैसा एसएसडीवर, दुसरा मेमरीवर. एसएसडीमध्ये सर्वांत वेगवान, सर्वांत महाग प्रकाराच्या मागे लागायची गरज नाही. मोठी उडी फिरणाऱ्या डिस्कवरून एसएसडीवर येताना असते, त्यापुढचा फरक रोजच्या ऑफिसकामात क्वचितच जाणवतो. मेमरी ८ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी शेजारी बसवा. बेरीज १६ होते हे उघडच आहे, पण सोबत एक न दिसणारा फायदाही मिळतो. डीडीआर४-२४०० ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी माहिती देते. जोडी लागली की दोन वाटा एकदम उघडतात आणि ही क्षमता ३८.४ वर जाते. या यंत्रांत बहुधा ग्राफिक्सला वेगळी मेमरी नसते, ते याच वाटेवरून जेवतं, म्हणून पडद्यावरची कामंही सुधारतात. मात्र मेमरीचे भाव खूप वरखाली होतात. चढ्या काळात १६ जीबी आधीच बसवलेलं यंत्र थोडं महाग वाटलं तरी शेवटी स्वस्त पडतं.

तिसरा पैसा बॅटरीवर. लिथियम-आयनची बॅटरी प्रत्येक चार्जिंगबरोबर थोडं लिथियम कायमचं गमावते, वापराविना पडून राहिली तरी थोडं गमावतेच. हा भाग खरोखर म्हातारा होतो. विंडोजच्या बॅटरी अहवालात मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. दुकानातच तो काढायला लावा. टी४८० मध्ये एक बॅटरी आत आणि एक बाहेर असते. त्यामुळे लॅपटॉप चालू असताना, आतल्या बॅटरीच्या जोरावर, बाहेरची काढून दुसरी लावता येते. हातातलं लिखाण थांबत नाही. पंख्यातली धूळ काढून प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलणं हे किरकोळ काम, पण उन्हाळ्यात त्याचा मोठा उपयोग होतो.

दुकानात घाई करू नका. तळाच्या चिठ्ठीवरचा अनुक्रमांक (डेलमध्ये तो सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग असतो) कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की कारखान्यातून निघताना त्यात काय काय होतं ते कळतं. बायोसला पासवर्ड आहे का, हे स्वतः आत शिरून पाहा. तो कुलूपबंद असेल तर यंत्र फुकट मिळालं तरी नको. विंडोज नव्याने टाकताना एखाद्या अनोळखी कंपनीचं लॉगिन मागितलं गेलं, तर त्या कंपनीने यंत्राची नोंद अजून सोडलेली नाही असं समजावं. बिजागऱ्या, प्रत्येक पोर्ट, प्रत्येक कळ तपासा. विंडोजच्या परवान्याची मात्र सहसा चिंता नसते. अशा यंत्रांच्या बोर्डमध्येच बहुधा विंडोज प्रोची किल्ली कोरलेली असते, त्यामुळे डिस्क बदलली तरी ती स्वतःहून ओळख पटवते.

लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या कार्बन उत्सर्जनातला मोठा वाटा तो वापरात येण्याआधीच, कारखान्यात, झालेला असतो. म्हणून चार वर्षांच्या यंत्राला आणखी चार वर्षं कामाला लावणं ही खिशाइतकीच पर्यावरणाचीही बचत आहे. एवढं करायला इंजिनियर असावं लागत नाही. मनात भरलेल्या मॉडेलची दुरुस्ती पुस्तिका पैसे देण्याआधी उतरवून घ्या. थिंकपॅडच्या पुस्तिकेत ग्राहकाने स्वतः बदलायचे भाग कोणते आणि मेकॅनिककडेच सोपवायचे कोणते, हे वेगवेगळं सांगितलेलं असतं. ज्या यंत्राची पहिली यादी लांब, त्याची किंमत उतरलेली असली तरी त्याची अर्धी कमाई अजून पुढेच आहे.