बनी तो बनी, नहीं तो परभणी!

एक फ्लॅट, दोन रूममेट्स, एक सोलापुरी टॉवेल आणि सोळा देशांची फिसकटलेली बोलणी. 'आरसेप'च्या टेबलावरून भारत उठला, ते न्याय्य होतं का? उत्तर शोधायला मी थेट गाव गाठलं.

भांडण सुरू झालं टॉवेलवरून.

2025 च्या दिवाळीआधीचा रविवार. कोथरूडमधला आमचा वन बीएचके, हातात चहा. रूममेटनं खुर्चीवर टाकलेला ओला टॉवेल मी दोरीवर वाळत घातला आणि सहज बोलून गेले, "तुमच्या सोलापूरच्या टॉवेलला बाहेरचा स्वस्त कापूस मिळावा म्हणून आमच्या काकांचा कापूस मातीमोल!"

बस्स! पुढचे दोन तास कुणी मोबाइललाही हात लावला नाही.

थोडं बॅकग्राउंड सांगते. मी परभणी जिल्ह्यातली, मानवत तालुक्यातली. आमच्याकडे कापूस, सोयाबीन आणि तूर. ती सोलापूरची, तिचे बाबा टेरी टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. झालं होतं असं, की ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं टॅरिफ 50 टक्क्यांवर नेलं. कापड उद्योगाचे धाबे दणाणले. त्यांना आधार म्हणून केंद्र सरकारनं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत आणि मग थेट 31 डिसेंबरपर्यंत. आता आमच्याकडे पहिली वेचणी कधी होते? दसऱ्याच्या आगेमागे! म्हणजे काकांचा कापूस घरात यायला आणि परदेशी गाठी बंदरात उतरायला एकच मुहूर्त.

"बाबांच्या कारखान्यात एक शिफ्ट बंद झालीये," ती म्हणाली. "ऑर्डर्स नाहीत. कापूस स्वस्त झाला तर सूत स्वस्त होईल, निदान नोकऱ्या तरी वाचतील. आणि काय गं, तुमच्या शेतकऱ्यांसाठी तर सरकारनं अख्खा 'आरसेप' सोडला ना? अजून किती लाड करायचे?"

मी गप्प. कारण प्रश्न चुकीचा नव्हता.

सोयरीक मोडली ती अशी

आरसेप म्हणजे आशिया-पॅसिफिकमधल्या देशांचा एक भलामोठा व्यापारी गट. नोव्हेंबर 2012 मध्ये बोलणी सुरू झाली तेव्हा टेबलावर सोळा देश होते: आसियानचे दहा, शिवाय चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि आपण. एकमेकांच्या मालावरचं शुल्क टप्प्याटप्प्यानं कमी करायचं, हा त्यातला मुख्य फंडा.

सात वर्षं बैठका झाल्या. 4 नोव्हेंबर 2019 ला बँकॉकमध्ये भारतानं सांगितलं, आम्ही येत नाही. पंतप्रधानांनी तेव्हा गांधीजींच्या कसोटीचा दाखला दिला. कुठलंही पाऊल उचलण्याआधी सगळ्यात गरीब, सगळ्यात दुबळ्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आणा, ही ती कसोटी. तो माणूस म्हणजे शेतकरी, दूधवाला, छोटा कारखानदार. न्यूझीलंडच्या दुधाची आणि चीनच्या मालाची भीती त्या वेळी देशभर होती, आणि ती उगाच नव्हती. आयातीचा अचानक लोंढा आला तर शुल्क आपोआप वाढावं अशी सोय भारतानं मागितली होती. शुल्ककपात मोजायला 2014 ऐवजी 2019 हे पायाभूत वर्ष धरा, असंही म्हटलं होतं. समाधान झालं नाही. उरलेल्या पंधरा देशांनी नोव्हेंबर 2020 मध्ये सह्या केल्या आणि 1 जानेवारी 2022 पासून करार लागू झाला.

तुम्ही म्हणाल, हे तर ब्रेक्झिटसारखंच झालं. नाही हो! ब्रिटनचा तो सत्तेचाळीस वर्षांच्या संसारानंतरचा घटस्फोट होता. आपली नुसती बैठक बसली होती, मानपान ठरत होता आणि आपण उठून आलो. पण एक फरक मला टोचतो. ब्रिटनमध्ये 2016 ला निदान घराघरात विचारलं गेलं, राहायचं की जायचं? आपल्याकडे ज्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणला, त्याला कुणी विचारलं होतं का?

म्हणून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली आणि त्या चेहऱ्याकडे गेले.

मोंढ्यातला अर्थशास्त्रज्ञ

"काय गं माय, अचानक कशी काय?" काका ओसरीवर कापूस पसरत होते. सप्टेंबरच्या पावसानं मराठवाड्याला झोडपलं होतं, त्यामुळे बोंडं काळवंडलेली आणि कापूस दमट. सरकारी खरेदीला 12 टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही. हमीभाव लांब धाग्याला 8110 रुपये क्विंटल, पण मोंढ्यात व्यापाऱ्यानं सांगितलेला आकडा त्याच्या बराच खाली.

मला वाटलं, काका म्हणतील, बाहेरचा कापूस बंद करा. ते म्हणाले भलतंच.

"मी वीस वर्षांचा होतो. 84 ला परभणीत शेतकरी संघटनेचं अधिवेशन झालं. शरद जोशी बोलले. आम्ही काय मागत होतो, ठाऊक आहे? दार बंद करा असं नाही, दार उघडा असं!"

हे दार म्हणजे राज्याची हद्द. 1972 पासून महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. कापूस सरकारलाच विकायचा. शेजारच्या आंध्रात जास्त भाव असला तरी तिकडे न्यायचा नाही. रात्री लपूनछपून गाड्या जायच्या, नाक्यावर पकडल्या जायच्या. स्वतःच्या शेतातला माल विकणारा 'स्मगलर' ठरायचा! पुढे नव्वदच्या दशकात डंकेल प्रस्तावावरून देशभर रान पेटलं, तेव्हा शरद जोशी त्याच्या बाजूनं उभे राहिले. शेतकऱ्याला संरक्षण नको, स्वातंत्र्य हवं, ही त्यांची भूमिका.

"मग आरसेपमध्ये जायला हवं होतं?" मी विचारलं.

"तसंबी नाही. लांबच्या कारखान्यावानी दुधाचा धंदा करणाऱ्या देशासंगं माझ्या दोन म्हशी कुठं पळतील? उठून आले ते बरं झालं. पण दाराला कुलूप लावायचं आणि खिडकी कवाबी उघडायची, याला काय अर्थ आहे? भाव चढला की आयात खुली. भाव पडला की म्हणायचं, बाजार आहे. मला बंद दार बी नको अन् सताड उघडं बी नको. कडी कुणाच्या हातात आहे, तेवढं सांगा."

कडी कुणाच्या हातात! एमएच्या दोन सेमिस्टर्समध्ये मला हे कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

बिनकराराचा माल

परतीच्या प्रवासात आकडे जुळवत बसले. आरसेप नाकारून चिनी माल थांबला का? 2018-19 मध्ये चीनबरोबरची आपली व्यापारी तूट सुमारे 53 अब्ज डॉलर होती. 2024-25 मध्ये ती सुमारे 99 अब्जांवर गेली, तीही बिनकरार.

आता काकांचं दुसरं पीक, सोयाबीन. आपल्याला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. त्यातलं बरंच पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियाचं. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क 20 टक्के झालं. 2025 च्या मे महिन्याच्या अखेरीस ते 10 टक्क्यांवर आलं. तेव्हा काका बियाण्याच्या पिशव्या आणून पेरणीची वाट बघत होते. पीक निवडताना भाताचा, तेलाचा, कापसाचा कुठलाच नियम पक्का नसेल, तर निवड ती कसली?

आणि टेबलावरून उठलो म्हणून एकटे पडलो, असंही झालं नाही. ऑस्ट्रेलियाबरोबरचा करार डिसेंबर 2022 मध्ये लागू झाला. न्यूझीलंडबरोबरची बोलणी डिसेंबर 2025 मध्ये पूर्ण झाली, आणि त्यात आपलं दूध बाजूला ठेवलं गेलं. म्हणजे एकेका देशाशी बसून, हवं ते राखून, सौदा करता येतो. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही निजामाच्या काळापासूनची म्हण. जमलं तर जमलं, नाही तर परभणी आहेच. तिथली काळी माती उपाशी ठेवत नाही. टेबलावरून ताठ मानेनं उठायला मागे अशी एक परभणी लागते. पण तिच्या जिवावर उठायचं आणि नंतर तिलाच विसरायचं, हे काही बरोबर नाही.

मग न्याय्य होतं का?

माझं उत्तर: उठून येणं चूक नव्हतं, पण न्याय अर्धाच झाला. ज्याच्या नावानं आपण उठलो, त्याला पेरणीआधी शुल्क कळायला हवं आणि शेवटच्या वेचणीपर्यंत ते टिकायला हवं. हंगामाच्या मध्ये कडी काढायची वेळ आलीच, तर त्याची भरपाई कोण देणार, हेही आधी ठरायला हवं.

पुण्यात पोचले तेव्हा रूममेट दारातच उभी. तिच्या बाबांची शिफ्ट अजून बंदच होती. मी काकांचं म्हणणं सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली.

"म्हणजे बाबांना मदत मिळू दे," ती म्हणाली, "पण ती तुझ्या काकांच्या खिशातून नको. बरोबर?"

"बरोबर. आणि काकांना भाव मिळू दे, पण तुझ्या बाबांच्या नोकरीतून नको."

काकांनी पिशवीभर तूरडाळ दिली होती. तिनं कुकर लावला. टॉवेल अजून दोरीवरच होता, एव्हाना वाळलेला. ह्या वेळी घडी तिनंच घातली.