वाचलेल्या माणसाची चोपन्न वर्षं
लेखमाला : उतराई – लेखांक ६

फ्रान्चिशेक गायोव्निचेक १३ मार्च १९९५ रोजी पोलंडमधल्या ब्झेग गावी वारले. वय ९३. नाझी छावणीच्या हिशेबानं मात्र त्यांचं मरण १९४१च्या उन्हाळ्यातच ठरलं होतं. ते मरण दुसऱ्या एकानं स्वतःच्या अंगावर घेतलं. मधली जवळपास ५४ वर्षं या माणसानं कशी काढली, हा या आठवड्याचा विषय.

मरण अंगावर घेणारे फादर माक्सिमिलियान कोल्बे जगाला ठाऊक आहेत. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेच्या पश्चिम दारावर विसाव्या शतकातल्या हुतात्म्यांचे पुतळे आहेत, त्यांत त्यांचाही आहे. वसईपासून गोव्यापर्यंतच्या कॅथलिक चर्चमध्ये १४ ऑगस्टच्या मिस्सात त्यांचं स्मरण होतं. ज्याच्यासाठी त्यांनी जीव दिला त्याचं नाव मात्र सहसा एका वाक्यात उरकतं. ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीनं हे उलटं आहे. तो स्वतः याच दुसऱ्या माणसाच्या जागी उभा असतो, कारण आपल्यासाठी कुणीतरी आधीच मेलेला आहे, या श्रद्धेवर त्याचा सगळा धर्म उभा आहे.

घडलं ते असं. जुलै १९४१च्या अखेरीस ऑशविट्झच्या छावणीतून एक कैदी नाहीसा झाला. त्याबद्दल त्याच्या बराकीतल्या दहा जणांना उपाशी ठेवून मारायचं, अशी शिक्षा होती. कैद्यांना रांगेत उभं केलं गेलं आणि छावणीचा अधिकारी कार्ल फ्रिट्श एकेकाला निवडत पुढे सरकला. निवडलेल्यांत ५६५९ नंबरचा कैदी होता, पोलिश सैन्यातला सार्जंट गायोव्निचेक. बायकोच्या आणि पोरांच्या नावानं त्यानं हंबरडा फोडला. तेव्हा १६६७० नंबरचा कैदी रांग सोडून पुढे आला. परवानगीशिवाय रांग सोडली तर जागीच गोळी बसू शकली असती. वय ४७, क्षयानं पोखरलेली फुफ्फुसं. याच्या जागी मला घ्या, असं त्यानं सांगितलं. तू कोण, या प्रश्नाला उत्तर दिलं, कॅथलिक धर्मगुरू. फ्रिट्शनं बदली मान्य केली.

गायोव्निचेक रांगेत परतले. एक शब्दही बोलायची मुभा नव्हती. आपण फक्त डोळ्यांनी आभार मानू शकलो, असं ते पुढे सांगत.

अकराव्या ब्लॉकच्या तळघरातली १८ नंबरची कोठडी. तिथे दुभाष्याचं काम करणाऱ्या एका कैद्यानं नंतर साक्ष दिली की, आतून प्रार्थनेचे आणि गाण्यांचे आवाज येत, आणि बाकीचे कैदी त्यात सूर मिसळत. दोन आठवड्यांनी चौघंच जिवंत राहिले होते. कोठडी रिकामी हवी म्हणून १४ ऑगस्टला त्यांना कार्बोलिक ॲसिडचं इंजेक्शन देण्यात आलं. कोल्बे यांनी आपण होऊन हात पुढे केला.

इथे बहुतेक प्रवचनं थांबतात. गायोव्निचेक यांची कहाणी इथून सुरू होते. त्यांना आणखी तीन वर्षं ऑशविट्झमध्ये काढावी लागली, मग झाखसेनहाउझेनच्या छावणीत हलवलं गेलं, आणि सुटका झाली ती १९४५ साली. घरी पत्नी हेलेना भेटली. मुलगे भेटले नाहीत. बोगदान आणि युलियुश दोघंही त्याच वर्षीच्या जानेवारीत सोव्हिएत माऱ्यात मारले गेले होते. ज्या लेकरांच्या नावानं बापानं टाहो फोडला, ज्यांना बाप मिळावा म्हणून एक माणूस मेला, ती लेकरंच उरली नव्हती.

मग ते बलिदान वाया गेलं का? हा प्रश्न टाळून पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. एखाद्याचं दान पुढे काय फळ देतं यावर त्याची किंमत ठरत असेल, तर हो, अर्धं वाया गेलं. पण कोल्बे यांनी असा काही करार केला नव्हता. तू असं जगून दाखव, मग मी मरतो, अशी अट त्यांनी घातली नव्हती. बिनअटीचं दान घेणाऱ्याला जड जातं ते यामुळेच. फेडायचं तर किती, कुणाला, हेच कळत नाही. गायोव्निचेक यांनाही कित्येक वर्षं ही बोच होती की, आपण वाचलो म्हणजे त्या माणसाच्या मृत्यूवर आपणच सही केली. असा माणूस याहून वेगळं वागूच शकला नसता, हे त्यांना हळूहळू उमगत गेलं.

या बोचणीवर ख्रिस्ती धर्मविचारानं पूर्वीच बराच खल केला आहे. १५६३ साली हायडेलबर्गमध्ये तयार झालेली प्रश्नोत्तरी याचा चांगला नमुना आहे. तिचे १२९ प्रश्न तीन भागांत आहेत: माणसाची दुर्दशा, त्याची सुटका आणि त्याची कृतज्ञता. दहा आज्ञांचा सविस्तर विचार कुठे यावा? पाप दाखवायला पहिल्या भागात, असं कुणालाही वाटेल. पण तो आहे तिसऱ्या भागात. चोरी करू नको, खोटी साक्ष देऊ नको, हे सगळं सुटका झाल्यावर येतं, सुटकेचं मोल म्हणून नव्हे. प्रार्थनेलाही तिथे कृतज्ञतेचा मुख्य भाग म्हटलं आहे. ही प्रश्नोत्तरी प्रॉटेस्टंटांची, गायोव्निचेक कॅथलिक. पण त्यांच्या पुढच्या आयुष्याचा नकाशा तिच्यात आयता सापडतो.

कारण त्यांनी काही अचाट केलं नाही. मठात गेले नाहीत, संस्था काढली नाही. संसार केला, आणि बोलावणं येईल तिथे जाऊन त्या रांगेत काय घडलं ते सांगत राहिले. दर १४ ऑगस्टला ऑशविट्झला जात. १९७१ साली पोप सहावे पॉल यांनी रोममध्ये कोल्बे यांना धन्यवादित घोषित केलं, तेव्हा ते हजर होते. १९८२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना संत ठरवलं, तेव्हाही होते. १९९४ साली, नव्वदी ओलांडल्यावर, ते अमेरिकेत ह्यूस्टनपर्यंत गेले. श्वास आहे तोवर हे सांगणं आपलं कर्तव्य, असं त्यांचं म्हणणं होतं.

साक्षीदार म्हणून त्यांचं वजन मोठं होतं, कारण कोल्बे हुतात्मा ठरतात का, यावरच वाद होता. हुतात्मा ठरायचं तर मारणाऱ्याच्या मनात श्रद्धेचा द्वेष असावा लागतो, हा चर्चचा जुना नियम. कोल्बे तर स्वतःहून पुढे आले होते, म्हणून तज्ज्ञांचे आक्षेप होते आणि १९७१ साली हुतात्मा ही पदवी दिली गेली नव्हती. दुसरे जॉन पॉल यांनी ते आक्षेप बाजूला ठेवून ती दिली.

ऋणी माणसानं उपकारकर्त्याला निर्दोष ठरवायलाच हवं असंही नाही. कोल्बे यांनी काढलेल्या नियतकालिकांत ज्यूंविषयी विखारी मजकूर छापला गेला होता, आणि त्यांच्याच नियेपोकालानुव्हच्या मठानं युद्धाच्या सुरुवातीला ज्यू निर्वासितांना आसराही दिला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि कोल्बे यांच्याबद्दल बोलताना दोन्ही सांगायला हव्यात. गायोव्निचेक यांनी साक्ष दिली ती त्या एका दिवसाची, जो त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

त्यांची कबर त्याच मठाच्या दफनभूमीत आहे. पुढच्या लेखांकात एका तरुण जर्मन सरदाराची गोष्ट: १७१९ साली ड्यूसेलडॉर्फच्या चित्रदालनात काट्यांचा मुकुट घातलेल्या ख्रिस्ताच्या चित्रासमोर थबकलेला काउंट त्सिन्त्सेनडॉर्फ, आणि त्यानं आपल्या जमिनीवर वसवून घेतलेलं निर्वासितांचं गाव हेर्नहूट.