चाकांवरची खोली आणि वाफेचा ढग

बालमित्रांनो, आधी एक कोडं घालते. या खोलीला दारं आहेत, खिडक्या आहेत, छप्पर आहे, बसायला मऊ गाद्यासुद्धा आहेत. पण ही खोली एका जागी थांबत नाही. सकाळी पुण्यात, तर दुपारी पंढरपुरात! ओळखलंत? शाब्बास! मोटारगाडी!

आता या खोलीची एक अडचण सांगते. घरात कुणी धूर केला, तर तुम्ही उठून अंगणात जाल. चालत्या गाडीतून कुठे जाणार? पुढच्या माणसाने सिगारेट ओढली, तर मागच्या सीटवरच्या मुलाच्या नाकात तीच हवा जाते. मोठी माणसं निदान "गाडी थांबव" असं म्हणू शकतात. लहान मूल बिचारं काय म्हणणार? आणि बोललं तरी, "गप्प बस, पाच मिनिटांत पोचतोय" असं उत्तर मिळतं!

या मागच्या सीटवरच्या मुलासाठी काही देशांनी चक्क कायदा केला आहे. न्यूझीलंड हा देश तुम्हाला क्रिकेटमुळे ठाऊक असेलच. तिथे 28 नोव्हेंबर 2021 पासून, गाडीत 18 वर्षांखालचं कुणी बसलेलं असेल तर सिगारेट ओढायला बंदी आहे. आणि बरं का, नुसती सिगारेटच नाही, व्हेपिंगलाही बंदी!

हे व्हेपिंग काय असतं? ई-सिगारेट नावाचं एक छोटं यंत्र असतं. त्यात बॅटरी असते, तापणारी बारीक तार असते आणि एक द्रव असतो. तार तापली की द्रवाचा पांढरा ढग होतो आणि तो ओढला जातो. लोक त्याला 'वाफ' म्हणतात. पण ही काही आईच्या कुकरची वाफ नव्हे! त्यात रसायनांचे अगदी बारीक थेंब असतात आणि बहुतेक वेळा निकोटीनही असतं. तंबाखूची सवय लागते ती याच निकोटीनमुळे. आपल्या मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. म्हणून मुलांना निकोटीन फारच वाईट. वास आंब्याचा असो की पुदिन्याचा, आत काय आहे ते वासावरून कळत नाही!

ही ई-सिगारेट 2003 च्या सुमारास चीनमधल्या होन लिक नावाच्या औषधतज्ज्ञाने तयार केली. यंत्र नवं आणि कायदे जुने, त्यामुळे मोठी गंमत झाली. ऑस्ट्रेलियातल्या दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याने 2007 सालीच मुलं बसलेल्या गाडीत सिगारेट ओढायला बंदी केली होती. इंग्लंड आणि वेल्समध्ये असाच नियम 1 ऑक्टोबर 2015 ला आला. पण त्या नियमात ई-सिगारेटचं नावच नव्हतं! म्हणजे मागे मूल बसलेलं असताना सिगारेट ओढली तर दंड, आणि ढग सोडला तर या नियमाने काहीच नाही. न्यूझीलंडने मात्र दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात घातल्या.

मी हे वर्गात सांगितलं तेव्हा चौथीतल्या एका चुणचुणीत मुलाने लगेच विचारलं, "बाई, काच खाली केली तर?" प्रश्न चांगला होता. पण काच उघडली म्हणून सगळा धूर बाहेर जात नाही. वाऱ्याच्या झोताबरोबर काही धूर उलटा आत येतो. म्हणून तिथला कायदा सांगतो, काच उघडी असो वा बंद, गाडी धावती असो वा उभी, मूल आत असेल तर ओढायचं नाही. मोडला नियम तर 50 डॉलर दंड. पोलीस नुसती समज देऊनही सोडू शकतात किंवा सवय सोडवणाऱ्या केंद्राचा पत्ता देऊ शकतात. कारण खरा हेतू पैसे गोळा करण्याचा नाही, मुलाला स्वच्छ हवा मिळण्याचा आहे.

"गाडी माझी, पेट्रोल माझं, मग सरकारला काय त्याचं?" असं काही मोठी माणसं म्हणतात. गाडी त्यांची, हे कबूल. पण मागे बसलेल्या मुलाची फुप्फुसं कुणाची?

आणखी एक धोका आहे, तो गाडी चालवणाऱ्याचा. आता वही-पेन्सिल घ्या. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण 17 मीटर पुढे जाते. चालकाने यंत्र शोधायला दोन सेकंद मान खाली घातली, तर गाडी किती गेली? जवळजवळ 33 मीटर! क्रिकेटची खेळपट्टी सुमारे 20 मीटरची असते. म्हणजे दीड खेळपट्टीहून जास्त अंतर गाडी रस्त्याकडे न बघताच गेली! त्यात डोळ्यांसमोर पांढरा ढग आला तर? आणि तेवढ्यात कुणी आजी रस्ता ओलांडत असतील तर?

आता आपल्या देशाचं बघू. भारताने 2019 साली ई-सिगारेटवर बंदीचा कायदा केला. ती बनवणं, आयात करणं, वाहून नेणं, विकणं, साठवणं, तिची जाहिरात करणं, सगळं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी विकताना सापडलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही! सिगारेटचं म्हणाल, तर मुंबईचे मुरली देवरा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2001 रोजी सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. पुढे 2003 साली कायदाही झाला. त्यात शाळा, दवाखाने, वाचनालयं आहेत आणि सार्वजनिक वाहनंही आहेत. मात्र घरच्या मोटारीचं नाव त्या यादीत नाही.

म्हणजे घरच्या गाडीचा नियम घरच्यांनीच करायचा! पालकहो, हे तुमच्यासाठी. सिगारेट सोडणं कठीण असेल, पण मुलं गाडीत असताना ती न ओढणं आजपासून जमण्यासारखं आहे.

आणि मुलांनो, तुम्ही काय कराल? भांडायचं नाही, उलट उत्तर द्यायचं नाही. "काका, मला गुदमरतं. गाडी थांबवून बाहेर उभे राहून ओढाल का?" एवढं नम्रपणे म्हणायचं. स्वच्छ हवा मागणं हा उद्धटपणा नाही. मोठ्या ताई-दादांनाही सांगते, पेनसारखं किंवा पेनड्राइव्हसारखं दिसणारं काहीतरी दाखवून मित्र म्हणाला, "एकदाच ओढून बघ", तर सरळ "नको" म्हणा आणि घरी किंवा शाळेत सांगा.

या रविवारी एक काम करा. जाड कागदावर सुंदर अक्षरात लिहा, 'या गाडीत धूर नाही, ढगही नाही!' खाली घरातल्या सगळ्यांच्या सह्या घ्या आणि तो कागद गाडीत लावा. गाडी नसेल तर घराच्या दाराला लावा. पहिली सही कुणाची घ्यायची, ते तुम्हीच ठरवा!