शरीर आणि श्रम (लेखांक ६) : खांद्याचं निदान फोटोत नसतं

गेल्या आठवड्यात गुडघ्याच्या झिजेबद्दल वाचलंत, आज खांदा. हिवाळ्यात सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याची आवक वाढली, की हमालांच्या पाठीवरची पोती थांबत नाहीत. यंत्रमागावरचा कामगार असो, विड्या वळणारी बाई असो की घरकाम करणारी, ‘खांदा धरलाय’ ही तक्रार सगळ्यांकडे सारखीच ऐकू येते. त्यावरचा मार्गही ठरलेला असतो. आधी मालिश, मग गोळ्या, मग एमआरआय. आणि रिपोर्टात ‘कंडरा फाटली आहे’ असं दिसलं की ऑपरेशनची धास्ती. माझं म्हणणं असं, की हा क्रमच उलटा आहे. दुखणं कसं सुरू झालं आणि हात कुठवर जातो, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की बहुतेक खांद्यांचे उपचार ठरतात. फोटोची पाळी त्यानंतरची.

याचं कारण खांद्याच्या रचनेत आहे. दंडाच्या हाडाचा मोठा गोळा एका उथळ खोबणीत टेकलेला असतो आणि त्याला जागेवर धरतात त्या चार स्नायूंच्या कंडरा, म्हणजे रोटेटर कफ. हाडाची पकड कमी, म्हणून हात चहूकडे फिरतो. पण त्याच कारणाने भार कंडरांवर पडतो. वयाबरोबर त्या झिजतात, विरतात. साठीनंतर कसलीही तक्रार नसलेल्या अनेकांच्या खांद्यातही फाट आढळते. म्हणजे फोटोत फाट दिसली, तरी दुखणं तिचंच आहे असं सिद्ध होत नाही. तपासणी मात्र बरंच सांगते. कोपर कुशीला टेकवून, नव्वद अंशांत दुमडून, पुढचा हात बाहेरच्या बाजूला वळवून पाहावा. तो स्वतःला वळवता येत नाही आणि दुसऱ्याने वळवला तरी अडतो, तर खांदा जखडल्याचा संशय. मधुमेहींत हे अधिक दिसतं. मात्र सांध्यातली झीज आणि मागच्या बाजूला निखळलेला खांदाही असाच अडतो, म्हणून तिथे साधा एक्स-रे हवाच. उलट दुसऱ्याने हात सहज वर नेला, पण सोडताच तो खाली पडला, तर मोठी फाट किंवा नस दुखावल्याची शंका घ्यावी.

आता पुरावा. कंडरा घासली जाते म्हणून तिच्यावरचं हाड तासून जागा मोकळी करण्याची शस्त्रक्रिया जगभर वर्षानुवर्षं होत आली. ब्रिटनमध्ये ३१३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या चाचणीत काहींचं हाड तासलं, काहींच्या सांध्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. त्याच वर्षी फिनलंडमधल्या चाचणीचाही निष्कर्ष तसाच निघाला. जखडलेल्या खांद्यावर ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांची चाचणी झाली. फिजिओथेरपी आणि इंजेक्शन, भूल देऊन सांधा मोकळा करणं, दुर्बिणीची शस्त्रक्रिया या तिन्हींत कुठलाही उपाय स्पष्टपणे सरस ठरला नाही.

मग ऑपरेशन कधीच नको का? तसं म्हणणं पुराव्याशी बेइमानी होईल. नॉर्वेत लहान-मध्यम फाट असलेल्या १०३ रुग्णांचा दहा वर्षं पाठपुरावा झाला. शिवलेल्या कंडरांचा गट सरस ठरला, आणि व्यायामाच्या गटातल्या काहींना पुढे ऑपरेशन करावंच लागलं. म्हणून तरुण, अंगमेहनतीच्या माणसाची कंडरा पडून किंवा झटक्याने फाटली असेल, तर चालढकल करू नये; उशीर झाला की स्नायू आखडतो आणि शिवणं अवघड होतं. खांदा निखळला तर हाड बसवणाऱ्याकडे जाऊन ओढाताण करून घेऊ नये. सोबत हाड मोडलेलं असू शकतं, नसही दुखावलेली असू शकते. झोळी बांधून थेट दवाखाना गाठावा. विशीतल्या मुलांचा खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता मोठी असते, चाळिशीपुढे कंडरा फाटल्याची शंका घ्यावी लागते.

बाकी खांद्यांना पहिला उपाय व्यायाम. त्यावरचा खरा आक्षेप वेगळाच आहे. हातावर पोट असलेल्या हमालाने तीन महिने व्यायाम करायचा कधी? पण कंडरा शिवली की हात काही आठवडे झोळीत आणि जड ओझं कित्येक महिने बंद. रोजगाराच्या हिशेबातही व्यायामच स्वस्त पडतो. मात्र तो नेटाने आणि वाढत्या भाराने व्हायला हवा. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजाची काठी पेलणारे आधी सराव करतात, ऐन दिवशी कोणी एकदम काठी उचलत नाही. कंडराही तशीच हळूहळू ताकद धरते. रबरी पट्टा किंवा पाण्याने भरलेली बाटली यांनी सुरुवात होऊ शकते. थोडं दुखणं चालेल. पण व्यायामानंतर रात्रभर ठणकलं तर भार कमी करावा. स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवड्यांचा आराम देतं, फाट सांधत नाही. मधुमेहींनी ते घेतल्यावर साखर तपासत राहावं.

तेव्हा वाचकांनी एवढं करावं. पडल्यावर हात उचलला जात नसेल, सांध्याचा आकार बदलला असेल, बोटं बधिर झाली असतील किंवा ताप असेल, तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावं. डाव्या खांद्याच्या दुखण्यासोबत छातीत दाब आणि घाम आला, तर ते हृदयाचं दुखणं समजून धावपळ करावी. बाकी हळूहळू सुरू झालेल्या दुखण्यात एमआरआयआधी डॉक्टरांकडून हात तपासून घ्यावा आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेला व्यायाम तीन महिने न चुकता करावा. पुढच्या लेखांकात कंबर.