रूट बिअरचा टंच

हुपरीत चांदीच्या विटेवर कितीही ठळक शिक्का असला तरी टंच काढल्याशिवाय, म्हणजे शुद्धता तपासल्याशिवाय, व्यवहार होत नाही. पेयाच्या बाटलीवरचं नाव मात्र आपण डोळे मिटून खरं मानतो. अमेरिकेहून आलेल्या भाच्याने बॅगेतून रूट बिअरचा कॅन काढला, की घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी आणि चुलतभावांच्या डोळ्यांत चमक. दोघांचाही अंदाज चुकलेला असतो.

कॅनमधल्या रूट बिअरमध्ये दारू नसते. साखरेचं पाणी, मुळांचा किंवा सालींचा अर्क आणि दाबाने भरलेला कार्बन डायऑक्साइड, एवढाच मामला. फिलाडेल्फियाच्या चार्ल्स हायर्स या औषधविक्रेत्याने 1876 च्या शताब्दी प्रदर्शनाच्या सुमारास ती नावारूपाला आणली. गंमत म्हणजे तिथल्याही दारूबंदीवाल्या बायकांना नावाचीच शंका आली. त्यांच्या संघटनेने 1895 मध्ये हायर्सच्या पेयावर बहिष्कार टाकला आणि प्रयोगशाळेचा निर्वाळा आल्यावर 1898 मध्ये तो मागे घेतला.

घरी यीस्ट घालून मुरवलेल्या जुन्या पद्धतीच्या रूट बिअरमध्ये किंचित अल्कोहोल तयार होतं, हे खरं. पण आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत अर्ध्या टक्क्याहून जास्त अल्कोहोल असलेलं पेयच मद्य ठरतं. महाराष्ट्रात बिअरसाठी असलेली 21 वर्षांची अट या कॅनला लागत नाही.

दारू नसलेलं हे गोड पाणी पुढे बिअरच्याच कारखान्यांत बनू लागलं. ते कसं? अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती. कढया, पिंपं, बाटल्या भरायची यंत्रं तयार, पण बिअर विकायला मनाई. काही कारखान्यांनी मग रूट बिअर आणि जिंजर एल काढायला सुरुवात केली. आजही तिथल्या छोट्या ब्रूअरींत गाडी चालवणाऱ्यासाठी आणि पोराबाळांसाठी घरची रूट बिअर नळावर मिळते. सोडावॉटर आणि बिअर यांचं नातं तर त्याहून जुनं. 1767 च्या सुमारास जोसेफ प्रीस्टलीने लीड्समधल्या एका ब्रूअरीत, आंबणाऱ्या पिंपांवर साठणारा वायू पाण्यात मिसळून पाहिला. आपल्या गोटी सोड्याचं मूळ तिथे आहे.

गोटी सोड्याबद्दल तर समजुतींचा बाजारच भरतो. ‘त्यात खायचा सोडा असतो’, हा पहिला समज. साध्या सोड्यात पाणी आणि दाबाने विरघळवलेला वायू असतो. खायचा सोडा घालावा लागत नाही. गोटी ढवळण्यासाठी असते, असंही मुलं सांगतात. हायरम कॉडने 1872 मध्ये पेटंट घेतलेल्या या बाटलीत गोटी हेच बूच आहे: आतल्या वायूचा दाब तिला वर ढकलून गळ्यातल्या रबरी कड्यावर घट्ट बसवतो. आणि तांबडा-पांढरा रस्सा हाणल्यावर सोडा प्यायला, ढेकर आली, म्हणजे मटण पचलं? ती ढेकर बहुतेक नुकत्याच प्यायलेल्या वायूची असते. मटण आहे तिथेच. आराम वाटतो तो पोटावरचा ताण जरा सैल झाल्यामुळे.

आता चवीकडे. पहिल्या घोटाला आपली माणसं तोंड वाकडं करतात: ‘हे बामसारखं लागतंय!’ नाक खोटं बोलत नाही. रूट बिअरमध्ये बहुतेक वेळा विंटरग्रीनचा स्वाद असतो, म्हणजे मिथाइल सॅलिसिलेट. गुडघ्याला चोळायच्या गंधपुरा तेलातही तेच. आपल्याकडे हा वास दुखण्याशी जोडलेला, तिथे मिठाईशी, म्हणून जीभ गोंधळते. मूळची चव मात्र सॅसाफ्रास या झाडाच्या मुळाच्या सालीची होती. त्यातलं सॅफ्रोल प्राण्यांवरच्या प्रयोगांत कर्करोगकारक आढळल्यावर 1960 मध्ये अमेरिकेने ते खाद्यपदार्थांत वापरायला बंदी केली. तेव्हापासून सॅफ्रोल काढलेला अर्क किंवा कृत्रिम स्वाद वापरतात. ‘मुळांचं आहे म्हणजे निर्धोक’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

‘रक्त शुद्ध करते’ ही जाहिरात हायर्सनेही केली होती. साध्या 355 मिलीलीटरच्या कॅनमध्ये 45 ग्रॅमच्या आसपास साखर असते. औषध म्हणून पिण्याची ही वस्तू नव्हे.

आपल्या मातीतला जवळचा नातेवाईक म्हणजे उपळसरी, अर्थात अनंतमूळ. तिला भारतीय सार्सापरिला म्हणतात, पण परदेशी सार्सापरिलाशी तिचं कूळ जुळत नाही. ती रुईच्या गोतातली वेल. तिच्या मुळाला व्हॅनिलासारखा गंध येतो, कारण त्यातलं सुगंधी द्रव्य व्हॅनिलिनचं जवळचं भावंड आहे. दक्षिणेत तिचं नन्नारी सरबत उन्हाळाभर खपतं. खात्रीच्या काष्ठौषधीच्या दुकानातून मुळं आणावीत, धुऊन ठेचावीत, मधली लाकडी काडी टाकून द्यावी आणि साल गरम पाण्यात रात्रभर झाकून ठेवावी. गाळून साखरेचा पाक करावा, लिंबू पिळावं, वर थंड गोटी सोडा ओतावा. माझ्या मते कॅनमधल्या बामापेक्षा हे सरस लागतं.

हौस म्हणून या सरबतात सोड्याऐवजी यीस्ट घालणार असाल, तर काचेची बाटली नको. यीस्ट साखर खात राहतं, दाब वाढत जातो आणि बाटली फुटते. प्लॅस्टिकची घ्या, वर थोडी जागा सोडा. दाबून टणक लागली की लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि काही दिवसांतच संपवून टाका.