दक्षिणगंगेचा जमाखर्च

गोदावरीला आपण दक्षिणगंगा म्हणतों. परंतु या दोन भगिनींच्या पोषणांत मोठा भेद आहे. उत्तरेची गंगा हिमालयाच्या कुशींत जन्मते. हिवाळ्यांत पडलेलें बर्फ तेथें ठेवीप्रमाणें साठून राहतें, व ऊन चढूं लागलें म्हणजे तें वितळून पावसाळ्यापूर्वींच नदीस पाणी पुरवितें. गोदावरीपाशीं अशी ठेव नाहीं. त्र्यंबकेश्वराजवळील ब्रह्मगिरीवर उगम पावून ती परभणी जिल्ह्यांत येते ती केवळ पावसाच्या कमाईवर.

नदीस किती पाणी येईल हें आधीं गणितानें सांगण्याचें एक शास्त्र आहे. हिमालयांतील नद्यांसाठीं त्यांत दोन खातीं मांडावीं लागतात. एक पावसाचें, दुसरें बर्फाचें. दुसऱ्या खात्याचा हिशेब उष्णतामानावर चालतो. हवा शून्याच्या वर जितके अंश तापेल, त्या प्रत्येक अंशामागें दिवसाकाठीं कांहीं मिलिमीटर बर्फ वितळतें असें धरितात. उंचीबरोबर थंडी वाढते, म्हणून खोऱ्याचे उंचीप्रमाणें पट्टे पाडून प्रत्येकाचें गणित निराळें करितात. आपल्याकडे बर्फाचें खातें नाहीं. तरी डोंगर व पठार हा भेद आहेच.

हा भेद आंकड्यांत मांडण्याचें काम १९२९ सालीं इंग्लिस व डिसूझा यांनीं केलें. पैकीं इंग्लिस हे पुढें पुण्याजवळील खडकवासला संशोधनकेंद्राचे प्रमुख झाले. या दोघांनीं पश्चिम हिंदुस्थानांत ५३ ठिकाणीं नद्यांचें पाणी मोजून दोन सूत्रें बसविलीं. आजच्या मापांत तीं अशीं: घाटांतील वार्षिक पाऊस सेंटिमीटरांत घेऊन ०·८५ नें गुणावा व गुणाकारांतून ३०·५ वजा करावे. पठारावर मात्र पावसांतून १७·८ वजा करून बाकीस पुन्हां त्याच पावसानें गुणावें व २५४ नें भागावें. येणारें उत्तर म्हणजे नदीस मिळणारें पाणी.

हें गणित घरांतील शाळकरी मुलांकडून अवश्य करवून पाहावें. घाटांत २५० सेंटिमीटर पाऊस झाला तर १८२ सेंटिमीटर पाणी नदीस मिळतें. पठारावर ८० सेंटिमीटर पाऊस धरिला तर १९·६ मिळतें. आणि ४० धरिला तर अवघें ३·५! पाऊस निम्मा झाला, पाणी मात्र पांचव्या हिश्शाहूनहि कमी.

यांत आश्चर्य नाहीं. घरांतील प्राप्ति निम्मी झाली म्हणून धान्य, कपडालत्ता व मुलांची फी निम्मी होत नाहीं. म्हणूनच शिल्लक प्राप्तीपेक्षां झपाट्यानें घटते. भूमीचेंहि तसेंच आहे. परभणीची काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते. पहिला पाऊस त्या भेगांतच जिरतो; पुढें पिकें व ऊन आपापला वांटा घेतात, आणि उरेल तें ओढ्यास लागतें. घाटांत उतार तीव्र, खडक उघडा व पाऊस मुबलक. म्हणून तेथें शिल्लक मोठी.

परभणी जिल्ह्याचें हित या गणिताशीं निगडित आहे. जिंतूर तालुक्यांतील येलदरी धरण पूर्णा नदीवर आहे. पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरांतून येते. तिच्या वांट्यास सह्याद्रीच्या घाटाचा पाऊस नाहीं, म्हणून तिला पठाराचेंच सूत्र लागतें. पैठणच्या जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ सालीं लालबहादूर शास्त्री यांनीं बसविली, व १९७६ सालीं इंदिरा गांधी यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. त्याच्या डाव्या कालव्याचें पाणी परभणीच्या शेतांस मिळतें. जायकवाडीला घाटाचें पाणी येतें खरें. पण वाटेंत दारणा, गंगापूर, भंडारदरा, मुळा हीं धरणें आधीं भरावयाचीं असतात. अवर्षणाच्या वर्षीं वरच्या व खालच्या खोऱ्यांत तंटा उभा राहतो तो यामुळेंच. २००५ सालच्या राज्याच्या कायद्यानें समन्यायी वांटपाचें तत्त्व मान्य केलें आहे. पण वांटपापूर्वीं शिल्लक किती हें कळलें पाहिजे.

म्हणून ऊस लावावा कीं ज्वारी, याचा विचार करितांना सरासरी पावसावर विसंबूं नये. सरासरी हें चांगल्या व वाईट वर्षांचें मिश्रण आहे, आणि वाईट वर्षाची तूट नदींत कितीतरी पटींनीं वाढून दिसते. ज्या नदीपाशीं बर्फाची ठेव नाहीं, तिच्या कांठच्या माणसांनीं विहिरी, बांध व तलाव यांच्या रूपानें ती ठेव स्वतः करून ठेवावी, हेंच शहाणपणाचें.