चार ट्रे म्हणजे चार नमुने नव्हेत: वाळवणाच्या रॅकवरून प्रयोगरचना

पीएचडीच्या मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न: "तुमचा 'एन' किती?" तो समजायला वाळवणाच्या घरगुती रॅकइतकं सोपं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. शिवाय रॅक कामाचाही आहे.

वलगावसारख्या गावात त्यासाठी फार काही विकत आणावं लागत नाही. चार उभे बांबू आणि बांबूच्या कमच्यांच्या चार चौकटी, प्रत्येकी ६० बाय ९० सेंमी. तुराट्या घरी फुकट असतात, पण त्या ठिसूळ. उभ्या खांबांना वापरू नका. चौकटीवर मच्छरदाणीची नायलॉन जाळी ताणून बसवा आणि खालून सुतळी आडवी-तिडवी बांधा, म्हणजे जाळीला झोळ पडत नाही. लोखंडी जाळी नको, ओल्या पाल्यानं ती गंजते. दोन ट्रेमध्ये निदान २५ सेंमी अंतर ठेवा. खांब पाण्याच्या वाट्यांत उभे केले की मुंग्या चढत नाहीत. आपल्याकडे बाजेवर वाळवण घालतात त्यामागेही हीच अक्कल आहे: हवा खालूनही लागली पाहिजे.

किती हवा? शेवग्याचा १ किलो पाला घ्या, त्यात ८० टक्के पाणी धरा. कोरडा भाग २०० ग्रॅम. १० टक्के ओलावा राहीपर्यंत वाळवला तर उरतो २२२ ग्रॅम, म्हणजे ७७८ ग्रॅम पाणी उडायला हवं. मे महिन्यात सावलीतली हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ८ ग्रॅमच्या आसपास पाणी उचलते. म्हणजे जवळपास १०० घनमीटर हवा. ऑगस्टमध्ये २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता धरली, तर तीच हवा जेमतेम १ ग्रॅम उचलते. लागणार जवळपास ८०० घनमीटर. दहा बाय दहाच्या खोलीत हवा असते साधारण २७ घनमीटर. मे महिन्यात ती चार वेळा बदलली तरी भागेल, पावसाळ्यात तीस वेळा. हे झालं कमीत कमी. प्रत्यक्षात हवा पूर्ण भरून थोडीच जाते! म्हणून पावसाळ्यात खिडक्या लावून ठेवलेला पाला बुरशीला आयतं आवतण देतो.

आता संशोधनाचा भाग. समजा प्रश्न असा आहे: सावलीतला रॅक बरा की गच्चीवरचं ऊन? एक रॅक, त्यात चार ट्रे. गच्चीवर चार ताटं. आठ वजनं घेतली, टी-टेस्ट लावली, पी-व्हॅल्यू छान आली. पण रॅक एकच आणि गच्चीही एकच! त्या चारही ट्रेना एकच वारा लागला, एकच दिवस मिळाला. प्रत्येक बाजूचा 'एन' इथे एक आहे. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली याला 'स्यूडोरेप्लिकेशन' म्हटलं, म्हणजे पुनरावृत्तीचा नुसता भास. प्रबंधात ही चूक राहिली तर तोंडी परीक्षेत पूर्ण प्रकरण कोसळू शकतं, कारण नंतर कोणतंही सॉफ्टवेअर ती दुरुस्त करत नाही. उपाय कंटाळवाणा आहे: हाच प्रयोग वेगवेगळ्या दिवशी पुन्हा करा आणि दिवसाला 'ब्लॉक' माना.

मात्र प्रश्न बदलला की 'एन'ही बदलतो. पाला वाफवून, मिठाच्या पाण्यातून काढून, देठासकट आणि नुसता, असे चार प्रकार एकाच रॅकवर तपासायचे असतील, तर ट्रे हे एकक चालतं. अडचण फक्त मजल्याची, कारण वरचा आणि खालचा ट्रे सारखा वाळत नाही. इथे लॅटिन स्क्वेअर चपखल बसतो: चार प्रकार, चार मजले, चार दिवस, प्रत्येक प्रकार प्रत्येक मजल्यावर एकदाच. कोणता दिवस कुणाला, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, मनानं नाही. मन नेहमी आवडत्या प्रकाराला वरचा ट्रे देतं.

वजन रोज ठरलेल्या वेळी करा आणि ट्रेचं रिकामं वजन आधीच लिहून ठेवा. ओलावा ओल्या वजनावर काढला की कोरड्या, हेही लिहा: वरचा ८० टक्के ओला पाला कोरड्या वजनावर ४०० टक्के होतो. वही वाचणाऱ्याला हे कळलं नाही तर आकडे निरुपयोगी. आणि तुळस किंवा पुदिना घेतला असेल, तर १०५ अंशाच्या ओव्हनवर डोळे झाकून विसंबू नका. त्यात पाण्याबरोबर सुगंधी तेलही उडतं आणि ओलावा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. अशा पाल्यासाठी टोल्युइनबरोबर ऊर्ध्वपातन करून पाणी वेगळं मोजतात; ती सोय रसायनशास्त्र विभागात आहे का, ते पाला तोडण्याआधी विचारून घ्या.